नसबंदी झालेला बोका घरात फवारे मारतोय, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोका चार वर्षांचा, ऑपरेशन पहिल्याच वर्षी झालेलं, आणि गेल्या दोन महिन्यांपासून सोफ्याची मागची बाजू, हॉलचा पडदा आणि दाराजवळची चपलांची रॅक या तीन जागी तो फवारे मारतोय. नसबंदी केली की ही भानगड राहत नाही, असं तुम्हाला सांगितलं होतं. आता सासूबाई म्हणतायत, मंडईत सोडून या.

सोडून तेवढं येऊ नका. घरात वाढलेला बोका मंडईतल्या बोक्यांसमोर चार दिवस टिकत नाही. शिवाय पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यातल्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. सासूबाईंना पहिलं कारण पटलं नाही तर दुसरं सांगून बघा.

आता मुद्द्याकडे. तो फवारा मारतोय की नुसताच नको तिथे मुततोय, हे आधी नक्की करा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. फवारा मारताना बोका उभा असतो. पडद्याकडे पाठ करतो, शेपटी काठीसारखी ताठ उभी, शेपटीचं टोक थरथरत असतं, मागचे पाय जागच्या जागी तुडवल्यासारखे हलतात, डोळे अर्धवट मिटलेले. मग मागच्या मागे एक बारीक पिचकारी जाते. डाग जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर पडतो आणि तिथून ओघळ खाली येतो. मुतायचं असेल तर तो बसतो, आडव्या जागेवर, आणि थारोळं मोठं असतं. तुमच्या वर्णनावरून हा फवाराच वाटतो, पण एकदा स्वतः डोळ्यांनी बघा, नाहीतर जुना मोबाइल रात्रभर रेकॉर्डिंगला लावून ठेवा.

बसून मुतत असेल तर तो आजारी असू शकतो: मूत्राशयाला सूज, लघवीत खडे, मूत्रपिंडाचा त्रास, काहीही. आणि बोक्यांच्या बाबतीत एक गोष्ट पाठ करून ठेवा. तो पुन्हा पुन्हा त्याच्या लघवीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबभरसुद्धा येत नाहीये, तर त्याची मूत्रनळी तुंबलेली असू शकते. पुष्कळ लोकांना ते बद्धकोष्ठ वाटतं आणि ते एरंडेल पाजत बसतात. तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. रविवार असो, रात्र असो, त्याच तासाला डॉक्टर गाठायचा.

फवारा आहे अशी खात्री झाली तरी लघवीची तपासणी एकदा करून घ्याच. दुखणं असलं की मांजर बेचैन होतं आणि बेचैन मांजर खुणा करतं. त्याच भेटीत आणखी एक विचारा: ऑपरेशनमध्ये दोन्ही वृषणं निघाली होती ना? काही बोक्यांचं एक वृषण पोटातच राहिलेलं असतं, आणि ते काढलं गेलं नाही तर बाहेरून नसबंदी झालेली दिसते पण हार्मोन चालूच राहतं. घरच्या घरी संशय घ्यायची खूण म्हणजे वास. बोक्याच्या लघवीला तो डोळ्यांत जाणारा वास येतो तो फेलिनिन नावाच्या द्रव्यातून. नसबंदीनंतर ते बरंच कमी होतं. इतक्या वर्षांनीही वास रस्त्यावरच्या बोक्याइतकाच उग्र असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. लिंगावरचे बारीक काटे अजून आहेत का, एवढं बघूनही त्यांना अंदाज येतो.

हे सगळं ठीक निघालं, तरी तुमच्या डॉक्टरांनी दिलेला शब्द शंभर टक्के खरा नव्हताच. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात १९८४ साली झालेल्या अभ्यासात, वयात येण्याआधी नसबंदी केलेल्या बोक्यांपैकी सुमारे १० टक्के आणि मादी मांजरींपैकी सुमारे ५ टक्के पुढे फवारे मारताना आढळले होते. म्हणजे नसबंदी हा सगळ्यात मोठा उपाय आहेच, पण फवारा हे फक्त माजाचं लक्षण नाही. ती चौकात लावलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखी गोष्ट आहे: हा इलाका आमचा. आणि फ्लेक्स कोणी लावला यापेक्षा तो कोणाला दिसावा म्हणून लावला, हे शोधणं जास्त कामाचं. तुमच्या बोक्याला हा इलाका आपला आहे असं अचानक दोन महिन्यांपूर्वी का सांगावंसं वाटलं?

यासाठी डाग कुठे आहेत ते वाचायचं. खिडकी, बाल्कनीचं दार, मुख्य दार, यांच्या आसपास डाग असतील तर बाहेरचं मांजर हे कारण, असं मी जवळजवळ डोळे झाकून म्हणेन. घराच्या आतल्या बोळात, पलंगावर, कपड्यांवर असतील तर घरातलंच काहीतरी: दुसरं मांजर, नवं बाळ, पाहुणे, गणपतीत हललेलं फर्निचर, रंगकाम. नव्या वस्तूही निशाण्यावर असतात. गावाहून आलेली बॅग, तांदळाचं पोतं. तुमची तीन ठिकाणं बघा: चपलांची रॅक, पडदा, आणि सोफा. सोफा खिडकीला लागून आहे का? असेल तर मला फारसं कोडं राहत नाही.

आमच्याकडे पुण्यात पहिल्या मजल्यावर नेमकं हेच होतं. आमचा गोट्या शांत स्वभावाचा, पण बाल्कनीच्या सरकत्या दाराचा खालचा कोपरा आणि त्याच्या शेजारचा पडदा त्याने धरला होता. पहाटे उठून बघितलं तर बाहेर एसीच्या युनिटवर एक फुगलेल्या गालांचा, कान फाटलेला पिवळा बोका बसलेला. तो काही करत नव्हता. नुसता बसून काचेतून आत बघत होता. आत गोट्याचं तोंड काचेला, शेपटीचा ब्रश झालेला. दोन मिनिटांनी पिवळा उतरून गेला आणि गोट्याने वळून पडद्यावर फवारा मारला. बाल्कनीच्या कठड्यावर बाहेरच्या बाजूने त्या पिवळ्याचेही डाग होते. गोट्या त्याला उत्तर देत होता.

मग आम्ही काचेच्या खालच्या दोन फुटांवर दुधी फिल्म चिकटवली, म्हणजे उजेड येतो पण दिसत नाही. युनिटवर बसायला जागा राहू नये म्हणून जाळी लावून घेतली. बाल्कनी बाहेरूनही धुतली, कारण आतलं कितीही पुसलं तरी बाहेरचा वास फटीतून येत राहतो. वरच्या मजल्यावरचे काका जिन्याखाली मांजरांना दूधपोळी घालत. त्यांना थांबवायचं नव्हतं, फक्त ताटली मागच्या गेटपाशी न्यायची होती. (सोसायटीत पाण्याच्या मीटरवर एकमत होतं, मांजरांवर होत नाही, तेव्हा वेळ हातात ठेवून बोला.) आणि मांजरांचं काम करणाऱ्या एका संस्थेकडून पिंजरा आणून त्या पिवळ्याचीच नसबंदी करून घेतली. सगळ्यात जास्त फरक पडला तो यानेच. बोक्याची नसबंदी झालेली नसते तोवर तो हद्द फिरत राहतो, माजावर आलेल्या मांजरीमागे येतो, भांडतो, फवारतो. नसबंदीनंतर काही आठवड्यांत बऱ्याच बोक्यांची फिरती कमी होते.

चपलांच्या रॅकचंही तेच. आपण जिन्यातल्या मांजरांचा वास तळव्याला लावून घरात आणतो. दार असलेली बंद कपाटवजा रॅक घ्या किंवा चपला डब्यात ठेवा. पावसाळ्यात तर रस्त्यावरची मांजरं जिन्यात झोपायलाच येतात. तुमचे दोन महिने पावसाळ्यातलेच असतील तर तेही बघा.

आता साफसफाई, आणि इथे आपल्याकडे बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. वास आला की फिनेल. पाण्यात टाकल्यावर दुधट होणारी फिनेलं आणि जंतुनाशकं यांतले घटक मांजराला विषारी असतात, कारण मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत. फरशीवरून चालून तो पंजे चाटतो, संपलं. डांबरगोळ्या कोपऱ्यात ठेवू नका, तीही विषबाधाच. अमोनियावाल्या क्लीनरना लघवीसारखाच वास येतो, म्हणजे त्याला पुन्हा तिथेच बोलावणं. ब्लीच लघवीवर ओतलं तर घशाला झोंबणारा वायू निघतो. उदबत्ती लावून फक्त आपल्या नाकाची समजूत निघते.

लघवीतली वासाची द्रव्यं साध्या पाण्याने पूर्ण जात नाहीत आणि हवा दमट झाली की पुन्हा वास सोडतात, म्हणून आठ दिवसांपूर्वी धुतलेला पडदा पावसात परत घाण मारतो. त्यासाठी एन्झाइम असलेला क्लीनर लागतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. नसेल तर एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून तो भाग पुसा, साध्या पाण्याने स्वच्छ करा, वाळला की सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवा. पडद्याच्या कोपऱ्यावर रंग जातो का ते आधी तपासा. एन्झाइमला काम करायला वेळ द्यावा लागतो, लावलं आणि लगेच पुसलं असं करू नका. डाग दिसत नसतील तर अतिनील टॉर्च घेऊन रात्री दिवे घालवून फिरा. भिंतीवर कुठे कुठे चमकतं ते बघून जरा धक्का बसेल, तयारी ठेवा.

जागा स्वच्छ झाली की तिचा उपयोग बदला. मांजर जिथे जेवतं तिथे सहसा फवारा मारत नाही, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात त्याची खाण्याची वाटी ठेवा. सोफ्याच्या मागे काथ्याची दोरी गुंडाळलेला खांब उभा करा. नखं ओरबाडणं हीसुद्धा खूणच आहे, पण ती धुवावी लागत नाही.

लिटर ट्रेचा नियम सगळे सांगतात: जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. एकच मांजर असलं तरी दोन, आणि शेजारी शेजारी नाही. रोज उपसायच्या. ट्रे बाल्कनीत असेल तर पावसात लिटर ओलं होतं, आणि समोर पिवळा बसलेला असेल तर तो तिथे जाणारच नाही.

मारू नका, नाक घासू नका. भीती वाढली की खुणा वाढतात, फक्त तो तुमच्या नकळत फवारे मारायला शिकेल.

एवढं करूनही दीड-दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर औषधाचा विचार करा. प्लगमध्ये लावायचे फेरोमोन डिफ्यूझर (मांजराला निवांत वाटावं अशी वासाची द्रव्यं हवेत सोडणारे) मिळतात. काही मांजरांना गुण येतो, काहींना नाही, आणि महाग पडतात. डॉक्टर फ्लुऑक्सेटिन (माणसांना नैराश्यावर देतात तेच औषध) देऊ शकतात. फवाऱ्यांवर त्याच्या चाचण्या झालेल्या आहेत आणि गुण चांगला आहे, पण दिसायला काही आठवडे लागतात आणि एकदम बंद केलं की बऱ्याचदा फवारे परत सुरू होतात. डोस वजनावर ठरतो, तेव्हा घरातल्या कुणाच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका. आणि विषय निघालाच आहे तर, पॅरासिटामॉल मांजराला कधीच नाही.

सोफ्याच्या फोममध्ये मुरलं असेल तर फार झटापट करू नका, तेवढी गादी बदलून घ्या. तोवर वर जुनं मेणकापड अंथरा. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता आणि सोफा खिडकीपासून किती लांब आहे, ते कळवा. घरात दुसरं मांजर असेल तर तेही सांगा, कारण मग ट्रे आणि जेवणाच्या जागा वेगळ्या मांडाव्या लागतील.