हेडस्ट्राँग नायिका : हट्टी, मनस्वी की ठसक्याची?

परवा भाचीचा मेसेज आला, मावशी मी एक स्पायसी हिस्टॉरिकल रोमान्स वाचून संपवलाय, हिरॉईन जाम हेडस्ट्राँग आहे, मला त्यावर मराठीत चार ओळी लिहायच्यात, तर या दोन शब्दांना नीट मराठी काय? तिला हट्टी आणि मसालेदार सापडलं होतं पण पटत नव्हतं. मी आधी पुस्तकच मागून घेतलं, वनाज ते रामवाडी मेट्रोत जातायेता तीन दिवसात संपवलं, काय मजा आली म्हणून सांगू! आणि तिचं म्हणणं खरंय, हट्टी नाहीच चालत.

हट्टी हा शब्द मोठ्याने लहानाला म्हणायचा. तुळशीबागेत खेळण्यासाठी फतकल मारून बसलेलं पोर हट्टी. मोठ्या बाईला हट्टी म्हटलं की तिचं ऐकायचं नाही हे म्हणणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. हेकट, हेकेखोर तर त्याच्याही पुढचे, त्यात चूक तिचीच हा निकाल लागलेलाच आहे. कादंबरीतला तिचा काका तिला हेकेखोरच म्हणेल, पण आपण वाचणारे काकाच्या बाजूला थोडेच असतो? एक प्रसंग बघा, उमरावसाहेब तिला लग्नाच्या अटी ऐकवायला बोलावतात, बसा म्हणतात, आणि त्यांचं सगळं बोलणं होईस्तोवर ही खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभीच, मग शांतपणे हातमोजे चढवते आणि म्हणते, आता माझ्या ऐका. हा हट्ट नाही.

मग काय? मानी म्हणावं तर मानीपणा दिसतो अपमान झाल्यावर, ही त्याआधीच ठाम आहे. करारी शब्द मला फार आवडतो पण करारी म्हटलं की डोळ्यासमोर नऊवारीतली आजी नाहीतर शाळेतल्या मोठ्या बाई येतात. खमकी जवळचा आहे, पण खमकी बाई घर सांभाळते, चार लोकांना पुरून उरते, त्या शब्दात प्रेमाची उब कमी. मनस्वी अर्थाने सगळ्यात बरोबर, मनाला पटेल तेच करणारी, फक्त हल्ली तो कलावंतांसाठी वापरून वापरून हळवा झालाय, आणि "मनस्वी त्रास झाला" मधला मनस्वी म्हणजे नुसतंच फार.

माझं मत ठसक्याला. फोडणीत मिरची पडली की सगळ्या घराला लागतो तोही ठसका, लावणीचा असतो तोही ठसका, आणि ठसक्यात बोलणारी बाई ती ठसकेबाज. एकाच शब्दात तिखटपण, डौल आणि कुणाला न जुमानणं, शिवाय म्हणणाऱ्याच्या आवाजात कौतुक. त्या हातमोज्याच्या प्रसंगाला ठसकाच म्हणतात! तिचं मन दाखवायचं तिथे मनस्वी, वागणं दाखवायचं तिथे ठसकेबाज, असं दोन्ही वापर म्हटलं.

स्पायसीचा, म्हणजे बेडरूमचे प्रसंग मोकळेपणाने रंगवणाऱ्या पुस्तकाला हल्ली म्हणतात त्या शब्दाचा घोळ वेगळा आहे. आपल्याकडे तिखटाचे शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलेत. तिखट असते जीभ, झणझणीत असते मिसळ नाहीतर टीका, मसालेदार असते बातमी, आणि तिखटमीठ लावून सांगणं म्हणजे पदरची भर घालणं. यातलं एकही बेडरूमकडे जात नाही. तिथे आपला जुना स्वच्छ शब्द आहे, शृंगारिक. तो जड वाटला आणि प्रसंगात छेडाछेडी, खोड्या असतील तर चावट. या पुस्तकात दोन्ही आहे, पूर्वार्ध चावट, उत्तरार्ध चांगलाच शृंगारिक.

आणि "ऐतिहासिक कादंबरी" असं लिहू नकोस हे तिला मुद्दाम सांगितलं. 1871 च्या मोचनगड या मराठीतल्या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीपासून आपल्याकडे ऐतिहासिक म्हणजे गड, तलवारी, स्वराज्य, वाचक तेच शोधणार. इथे खरा इतिहास फक्त मागच्या पडद्यावर. गोष्ट घडते इंग्लंडच्या रीजन्सीत, म्हणजे 1811 ते 1820, बापाच्या आजारपणात राजपुत्र कारभार बघत होता तेव्हा. तेव्हा इथे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची अखेर चालली होती, 1818 ला पेशवाई गेली, आणि त्याच दरबारी होनाजी बाळाच्या लावण्या रंगत होत्या. म्हणून तिकडच्या त्या नायिकेला लावणीतला ठसका मला अजिबात परका वाटत नाही. "जुन्या काळातली शृंगारिक प्रेमकथा" पुरे. प्रेमकादंबरी म्हटलं तरी छानच, कारण कादंबरी हे मुळात सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या प्रेमकथेचं आणि तिच्या नायिकेचंच नाव, आपण ते अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं.

रात्री तिचा परत मेसेज, नायकाला रेक म्हणतात त्याला काय लिहू. त्याला शोधावं लागत नाही गं, रंगेल.