ज्याला देव मानायचं त्यालाच भाला मारायचा?

प्रश्न: सर, मी सोलापूरला पूर्व भागात राहतो, बीए थर्ड इयरला आहे. हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ ही देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी वाचतोय, सिलॅबसला नाहीये, आपणहूनच, पण ३२व्या प्रकरणात अडकलोय, नुसती देवमाशांची वर्गवारी. गोष्ट सांगणारा इश्माएल देवमाशाची एवढी भक्ती करतो आणि नोकरी मात्र त्यालाच मारणाऱ्या जहाजावर, हे मला ढोंग वाटतं. वडिलांना सांगितलं (३० वर्षं यंत्रमागावर काढली त्यांनी, आता ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं लागतं), तर म्हणाले, पोटासाठी करत असेल. एवढंच आहे का?

उत्तर: ढोंग नाहीये ते. आणि वडिलांचं अर्धं बरोबर आहे, त्या काळी देवमाशाच्या तेलावर दिवे जळायचे, मेलव्हिल स्वतः १८४१ मध्ये अशाच जहाजावर खलाशी म्हणून गेला होता, कादंबरी आली १८५१ ला. म्हणजे हा किनाऱ्यावरून हात जोडणारा माणूस नाही, हात रक्तातेलात बुडालेत त्याचे आणि ते तो लपवतही नाही.

पण उरलेलं अर्धं मला जास्त मोलाचं वाटतं. इश्माएल देवमाशांना पुस्तकांसारखं आकारानं लावतो, मग डोकं, कातडी, शेपूट, एकेकाला वेगळं प्रकरण देतो, सांगाड्याची मापं तर उजव्या हातावर गोंदवून घेतो, आणि एवढं सगळं करून ८६व्या प्रकरणात कबूल करतो की कितीही चिरफाड केली तरी मी कातडीच्या आत पोचत नाही, हा मला कळला नाही आणि कळणारही नाही. त्याची भक्ती मला इथे दिसते. जहाजाच्या कप्तानाचं, अहाबचं, उलटं, मोबी डिक या पांढऱ्या देवमाशानं पाय तोडला म्हणून त्या देवमाशात त्याला फक्त वैरी दिसतो, दुसरं काही बघायचंच नाहीये त्याला. (आपला मत्स्यावतारही आहे बरं का पुस्तकात, ८२व्या प्रकरणात, वेद वर आणणारा विष्णू!)

३२वं जड जात असेल तर आत्ता सोडा, नंतर या परत. आधी ८७वं वाचा. शिकारीच्या धांदलीत होडी कळपाच्या मधोमध ओढली जाते, तिथं पाणी एकदम शांत, खाली बघतात तर माद्या पिलांना पाजतायत, एका पिलाची नाळ अजून आईला जोडलेली, आणि भाला फेकणाऱ्या क्वीक्वेगला आधी वाटतं हा भाल्याचाच दोर आहे. नाळ आणि दोर एकसारखे दिसले, तुमच्या प्रश्नातला सगळा सल त्या एका क्षणात आहे आणि इश्माएल तो सोडवून देत नाही, तसाच ठेवतो.

आणि १०२वं प्रकरण वडिलांसोबत वाचा, मोठ्यानं. एका बेटावर देवमाशाचा सांगाडा, त्याचंच देऊळ केलेलं, कवटीत पुजाऱ्यांनी अग्नी जपलेला, बरगड्यांतून हिरव्या वेली आडव्याउभ्या धाग्यांसारख्या विणल्या गेलेल्या. ते बघून इश्माएलला सृष्टी विणणारा एक विणकर देव दिसतो, तो धोटा फेकत राहतो, थांबत नाही, आणि मागाच्या आवाजानं इतका बहिरा झालाय की माणसाची हाक त्याला ऐकू येत नाही. आपण बघणारेही त्या घरघरीनं बहिरे होतो म्हणतो तो, बाहेर पडल्यावरच आतले हजार आवाज ऐकू येतात. हे वाचून वडील काय म्हणाले ते मला नक्की कळवा.