शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ व्हायचं आहे. एम.ए.च्या आधी बी.एड. करणं म्हणजे दोन वर्षं वाया घालवणं आहे का?

अजिबात वाया जात नाहीत. मी आधी शिक्षिका होते, मग मानसशास्त्रात एम.ए. करून पुण्यातल्या एका केंद्रात प्रशिक्षणाला गेले. तिथल्या मार्गदर्शक मॅडम येता-जाता ऐकवायच्या, "तुझ्यातल्या शाळेच्या बाई अजून जात नाहीत. इथे शिकवायचं नसतं, मोजायचं असतं."

तेव्हा चौथीतला एक मुलगा आमच्याकडे आला. घरचे धुळ्याकडचे, वडील बांधकामावर, आरटीईच्या २५ टक्क्यांतून इंग्रजी शाळेत प्रवेश मिळालेला. वाचन-लेखनात पार मागे. मालिन यांची बुद्धिमापन चाचणी त्याला इंग्रजीतून दिली गेली. शाब्दिक भागात ६४, कृतीच्या भागात १०२. या चाचणीत दोन्हींची सरासरी म्हणजे एकूण बुद्ध्यांक. अहवालात ८३ पडले आणि खाली शेरा, ‘मंदगती’. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, तपासायची वाटच बंद, कारण त्यासाठी आमच्याकडे किमान ८५ बुद्ध्यांकाची रेघ धरायचे.

बेरीज-भागाकार बरोबरच होता. पण ३८ गुणांची दरी असताना त्या सरासरीला अर्थ काय? चाचणी लगेच पुन्हा घेता येत नाही, सरावाने गुण फुगतात. म्हणून मी त्याच्याशी नुसती अहिराणीत बोलत बसले, माझं माहेर तिकडचंच. इंग्रजी प्रश्न आला की भिंतीकडे बघणारा हा मुलगा सांगत होता की वीज रात्री येते, म्हणून आजोबा तेव्हाच विहिरीवरची मोटर लावतात. फ्यूज उडाला तर आधी काय बघायचं. पाणी आधी कुठल्या सरीत सोडायचं आणि का. कार्यकारण, क्रम, तुलना, सगळं होतं त्यात. शाब्दिक गुण ग्राह्य धरू नयेत आणि एकूण आकडा देऊच नये, असं टिपण मी लिहिलं. बरीच वादावादी झाली. शेवटी आकड्याखाली माझी दोन वाक्यं गेली. शाळेने आकडाच वाचला.

मानसशास्त्रज्ञ डॉ. कामतांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली त्याला ऐंशीहून जास्त वर्षं झाली. मुलाची भाषा बघायची असते हे तेव्हापासून माहीत आहे. तरी घाईत ते पहिलं सुटतं. गप्प बसलेल्या मुलाला उत्तर येत नाही की प्रश्नच कळला नाही, हे ओळखायला मी वर्गात शिकले, एम.ए.च्या कुठल्या पेपरात नाही.

आता तुमचा रस्ता. एम.ए. मानसशास्त्र तर हवंच. पुढे शालेय मानसशास्त्राची पदव्युत्तर पदविका करता येते, त्यासाठी पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत चौकशी करा. समुपदेशनाकडे ओढा असेल तर एनसीईआरटीची पदविका आहे. दिव्यांग मुलांसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२चा कायदाच आहे तसा. म्हणून बी.एड. करायचंच तर विशेष शिक्षणातलं करा, त्यावर शिक्षक म्हणून नोंदणी मिळते.

हां, मानसशास्त्राच्या वाटेवर बी.एड. सक्तीचं नाही. घरी पैशांची ओढाताण असेल तर थेट एम.ए. करा, पण सोबत वस्तीतल्या एखाद्या अभ्यासिकेत मुलांना शिकवत राहा. फी भरण्याआधी कोर्सची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः बघा, माहितीपत्रकावर विसंबू नका. आणि प्रवेशाच्या मुलाखतीत शिकवण्याचा अनुभव सगळ्यात आधी सांगा. त्यावर कोणी नाक मुरडलं, तर दुसरं केंद्र शोधा.