फ्लूट मोडला, पण कुठला?

प्रश्न : माझा नातू चाकणला एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागलाय. परवा फोनवर म्हणाला, "आज्जे, ॲल्युमिनियमवर चार फ्लूटचा लावला, फ्लूट भरला आन् मोडला. साहेब लय बोलले." मला वाटलं, पोरगं कामावर बासरी वाजवतंय! विचारलं तर हसत सुटला. हा काय प्रकार?
– एक वाचक, वाई

ताई, साहेब का बोलले ते आधी सांगतो. टूलरूममध्ये असताना हेच बोलणं मी खाल्लंय, आणि फोरमन झाल्यावर पोरांना वाढलंयही.

एंडमिल नावाचं एक कटर असतं. बोटाएवढी दांडी, तिच्या अंगावर पीळ घेत चढलेल्या खाचा. त्या खाचा म्हणजे फ्लूट. कटर फिरतं तेव्हा धार धातू कापते आणि कापलेला कीस खाचेतून बाहेर पडतो. दोन फ्लूटच्या कटरला खाचा दोनच, पण ऐसपैस. चार फ्लूटच्याला चार, पण अरुंद. पोलादाला चार चालतात. ॲल्युमिनियम मऊ आणि चिकट, त्याचा कीस जाडजूड निघतो आणि अरुंद खाचेत लोण्यासारखा थापून बसतो. खाच भरली की धारेला कापायला जागाच उरत नाही, नुसती घासाघीस होते आणि कटर मोडतं. तुमच्या नातवाने एका वाक्यात हे सगळं बरोबर सांगितलंय. पोरगं शिकेल.

आता खाचेला बासरीचं नाव का? बासरी उभी चिरून बघा. हातात अर्धगोल पन्हळ उरते. इंग्रजांना खाच म्हटल्यावर ती चिरलेली बासरी दिसली. अथेन्सच्या पार्थेनॉनच्या खांबांवर वरपासून खालपर्यंत अशा 20 पन्हळी कोरल्यात, त्यांनाही इंग्रजीत फ्लूटच म्हणतात. आपण तोच आकार पाण्यावरून ओळखला, म्हणून आपल्या छपराचा पत्रा पन्हळी. तरीही मशीनवर उभं राहून "चार पन्हळींचं कटर आण" असं कोणी म्हणणार नाही. मीही कधी म्हटलं नाही.

(शॅम्पेनच्या उंच, निमुळत्या ग्लासालाही फ्लूट म्हणतात. माझा अनुभव कटिंग चहाच्या ग्लासापुरता असल्याने पुढे जातो.)

प्रश्न : आंब्याचे बॉक्स घेताना व्यापारी विचारतो, "नॅरो फ्लूट की ब्रॉड फ्लूट? थ्री प्लाय की फाइव्ह प्लाय?" मी दरवेळी "मागच्यासारखे द्या" म्हणून सुटतो.
– एक बागायतदार, देवगड

यंदा सुटू नका. बॉक्सची कड फाडून बघा. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला दिसेल. ती नागमोड म्हणजे फ्लूट. थ्री प्लायमध्ये नागमोडीचा थर एक, फाइव्हमध्ये दोन, सेव्हनमध्ये तीन. नॅरो म्हणजे बारीक, दाट लाटा. ब्रॉड म्हणजे मोठ्या, उंच लाटा, पुठ्ठा जाड. कारखान्यात याच लाटांना ए, बी, सी अशी अक्षरं आहेत, पण ती उंचीच्या क्रमाने नाहीत. ए सगळ्यात उंच, बी ठेंगणी, सी दोघींच्या मधली. सी मागाहून आली, म्हणून तिला मागचं अक्षर.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच. बॉक्स उभा ठेवल्यावर लाटा उभ्या यायला हव्यात, खांबासारख्या. मग थप्पीतल्या वरच्या बॉक्सचा भार त्या पेलतात. आडव्या आल्या की तळचा बॉक्स बसतो, आणि त्यातला हापूसही. शिवाय कागद ओल धरतो आणि ओला पुठ्ठा निम्माही भार सोसत नाही, तेव्हा रिकामे बॉक्स पडवीत उघड्यावर ठेवू नका.

प्रश्न : बासरी, मुरली, वेणू, पावा, अलगूज हे सगळं एकच का?
– एक शिक्षिका, मिरज

अलगूज वेगळं. ते तोंडात सरळ धरून टोकाकडून फुंकायचं, शिट्टीसारखं. बासरी आणि मुरली आडवी. पावा म्हटला की गुराखी डोळ्यांपुढे येतो, वाद्यापेक्षा वाजवणारा आधी. आणि मुरलीची मुरळी करू नका, ती खंडोबाची.

मला गंमत वाटते ती नावांच्या मुळाची. इंग्रजीने बासरीवरून खाचेला नाव दिलं, आपण बांबूवरून बासरीला. संस्कृतात वेणू म्हणजे मुळात बांबू, आपला वेळू त्याचाच. वंश म्हणजेही बांबू, त्यातून बासरी, आणि वंशावळीतला वंशही तोच शब्द. वाऱ्याने आपसूक वाजणाऱ्या बांबूला तर अमरकोशात वेगळं नावच आहे : कीचक. आपल्याला कीचक आठवतो तो फक्त भीमाने मारलेला.

आज मैफलीत दिसणारी लांब बासरी पन्नालाल घोषांनी रूढ केली. त्याआधी हे वाद्य आखूड आणि लोकसंगीतातलं. लांब बासरीला लांब पेराचा, पातळ सालीचा बांबू लागतो. तो आसामातून येतो आणि उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतला त्याच्या बासऱ्या होतात.

निवृत्तीनंतर मला वाटलं, आपण टूलरूमवाले, बासरी घरीच करू. बांबू व्हाइसमध्ये धरला, आठ एमएमचं ड्रिल लावलं. ड्रिललाही दोन फ्लूट असतात बरं का. तिसऱ्या भोकाला बांबू उभा फाटला, शेवटपर्यंत. पुढे एका जत्रेत बासरीवाल्याला फाटका तुकडा दाखवला. तो म्हणाला, "काका, भोकं पाडायची नसतात, तापल्या सळईने जाळायची असतात." त्याच्याकडून साठ रुपयांची एक घेतली. अजून नुसता वाराच येतो.