वावधान (वादळी वारं) सुटतं, आणि व्हॅनमध्ये कुत्रा आहे

भाऊ, मे महिन्यात मेळघाटाकडे कॅम्परव्हॅन नेताय, तर मुक्कामाची जागा उजेडातच ठरवा. काळ्या मातीच्या वावरात गाडी नको. जोराची सर आली की चाकं रुततात, मग ट्रॅक्टर शोधत बसा. मुरमाड उंचवटा बघा, नाल्यापासून आणि मोठ्या झाडांपासून लांब.

दुपारनंतर आभाळ भरून आलं की आधी बाजूची ताडपत्री गुंडाळा. वाऱ्याने फुगली की ती दांड्यासकट उखडते. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा.

कुत्र्याला पहिल्या गडगडाटाआधीच फिरवून आणा. घाबरलेला कुत्रा दार किलकिलं होताच सुसाट पळतो, म्हणून आतही हार्नेस घालून ठेवा; पट्टा पाठीवरच्या कडीत अडकवा, गळ्यात नाही. सीटखाली अंग चोरून बसला तर बसू द्या, ओढू नका. माणसाची झोपेची गोळी तर अजिबात नाही.

काचा बंद असलेली पत्र्याची गाडी विजेपासून बरीच वाचवते, फक्त पत्र्याला टेकू नका. बंद गाडीत स्टोव्ह पेटवू नका, चहा राहू द्या. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटांनीच उतरा. पंजे पुसताना बोटांच्या बेचक्यात बघा, गोचीड तिथेही दडतात.