ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलायचं असेल तर

इंजिन ऑइल तुम्ही स्वतः बदलता, गाडी ८०,००० किलोमीटर चालली आहे, तर गिअरबॉक्सचं ऑइलही घरीच बदलावं का, असं विचारलंत. बदला. पण खरं काम आहे पातळी लावण्याचं, ऑइल काढणं त्यामानाने सोपं.

या गिअरबॉक्समध्ये ऑइलच्याच दाबावर क्लच पकडतात. ऑइल कमी पडलं की पंप हवा ओढतो आणि क्लच घसरून जळतात. जास्त झालं की फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसाला दाब धरवत नाही. म्हणून पातळी अचूक हवी. आणि गाडीच्या पुस्तिकेत ज्या ग्रेडचं लिहिलंय तेच ऑइल आणा. सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या, ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं) ऑइल वेगळं असतं, ते इथे अजिबात चालत नाही.

आधी भरायचा प्लग सैल करून बघा, मगच खालचा ड्रेन प्लग उघडा. मी पहिल्या वेळी उलटं केलं. जुनं ऑइल सगळं खाली आणि वरचा प्लग जाम! गाडी दोन दिवस तशीच स्टँडवर उभी होती.

निघालेलं ऑइल थंड झाल्यावर मापा आणि तेवढंच नवीन भरा. वायसर नवीन लावा. प्लग टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) आवळा, ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की फार महागात पडतं.

डिपस्टिक असेल तर पुस्तिकेत सांगितलंय तसं मापा. नसेल तर लेव्हल प्लग, म्हणजे पातळी बघायचा प्लग असतो. गाडी चारही बाजूंनी सारखी, स्टँडवर पक्की हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. जागा मोकळ्या हवेची हवी, कारण इंजिन चालू ठेवायचं आहे. ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबा आणि परत पी मध्ये या. ऑइलचं तापमान स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघा. बऱ्याच गिअरबॉक्सना ते ४० अंशांच्या आसपास लागतं, पण तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या. त्या तापमानाला प्लग उघडला की बारीक धार लागते. धारेचे थेंब झाले की लगेच बंद करा. धार आलीच नाही तर ऑइल कमी आहे, अजून भरा.

एका वेळेत सगळं ऑइल बदलत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या, ऑइलने भरलेल्या भागात) अडकून राहतं. समजा दर वेळी ४० टक्के निघालं, तर तीन वेळा केल्यावर जुनं साधारण २२ टक्के उरतं. मी मध्ये काही शे किलोमीटर गाडी चालवतो आणि मगच पुढची फेरी करतो. दाबाने फ्लश करणं मला जुन्या गिअरबॉक्सला पटत नाही.

चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइलचा डबा उघडलात, तर त्यातला चुंबक नीट बघा. बोटाला लागणारी राखाडी मऊ लेई म्हणजे नेहमीची झीज. चमकणारे तुकडे दिसले किंवा ऑइलला करपल्याचा वास आला, तर पुढची फेरी करू नका. आधी गिअरबॉक्सच्या जाणकाराला दाखवा. चुंबकाचा फोटो टाकलात तर मीही बघून सांगेन.