मिथक, कथा आणि आध्यात्मिक प्रवास एकत्र हाताळणारा लेखक-दिग्दर्शक कोण?

माझं उत्तर : वेर्नर हेरझोग, जर्मन. १९७४ च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये ज्येष्ठ चित्रपट समीक्षक लोट्टे आयस्नर आजारी असल्याचं कळलं, तेव्हा हा माणूस म्युनिकहून पायीच निघाला. आपण चालत गेलो तर ती जगेल, ही त्याची श्रद्धा. तीन आठवडे थंडीवाऱ्यात चालला, रोजनिशी लिहिली, पुढे तिचं पुस्तक झालं. आयस्नर १९८३ पर्यंत जगल्या. आपल्याकडच्या नवसाच्या पायी वारीहून हे वेगळं कुठे आहे?

१९९३ च्या रशियावरच्या माहितीपटात त्याने किटेज नगरीची दंतकथा घेतली. शत्रूपासून वाचण्यासाठी सरोवरात बुडालेलं शहर, भाविकांना तळातून घंटा ऐकू येतात म्हणे. गोठलेल्या सरोवरावर पालथे पडून खाली पाहणारे यात्रेकरू त्यात दिसतात. ते खरे यात्रेकरू नव्हते, शेजारच्या गावातल्या दारुड्यांना पैसे देऊन झोपवलं होतं, हे त्यानेच सांगितलं. अनेकांना ही फसवणूक वाटते. मला तसं वाटत नाही, कारण मिथक असंच सांगितलं जातं.

मात्र त्याचं काम पाहायला सुरुवात २००३ च्या, कालचक्र या तिबेटी बौद्ध विधीवरच्या माहितीपटाने करा. लोटांगणं घालत बोधगयेला पोचलेल्या भिक्खूच्या कपाळावरचा घट्टा विसरता येत नाही.